बायोटिनवालं जेल-शिफ्ट किट: मेंदूच्या नमुन्यांसाठी घ्यावं का?

आधी निकाल सांगते, मग पुराण. पाचपैकी साडेतीन तारे. मेंदूच्या नमुन्यात एनएफ-कॅपा-बी किंवा एपी-१ ही जनुकांवर नियंत्रण ठेवणारी प्रथिनं डीएनएला किती बांधली जातायत हे बघायचं असेल तर हे किट घ्या. क्रेब हे तसंच तिसरं प्रथिन बघायचं असेल तर पैसे वाचवा. किट वाईट आहे म्हणून असं म्हणत नाही. क्रेबच्या बाबतीत तुम्हाला जो प्रश्न विचारायचाय, त्याचं उत्तर ते देऊच शकत नाही, आणि ही गोष्ट डब्यावर किंवा माहितीपुस्तिकेत कुठेही लिहिलेली नसते.

मी पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत टेक्निकल ऑफिसर आहे. मेंदू, ताण आणि स्मरणशक्ती यांवर काम करणारी प्रयोगशाळा. पीएचडीची मुलं येतात, थिसिस लिहून जातात. मी, सेंट्रिफ्यूज आणि मायनस ऐंशीचा फ्रीजर तिथेच असतो. कोणतं किट मागवायचं, कोणतं नाही, हे बऱ्याचदा माझ्याच गळ्यात येतं, म्हणून हा खटाटोप. कंपनीचं नाव देत नाही. बाजारातली अशी तीन-चार किट आतून जवळपास एकसारखीच आहेत, आणि डीलरबद्दल पुढे जे बोलणार आहे ते नाव घेऊन बोलण्यासारखं नाही.

या विषयातले नसाल तर दोन मिनिटं. मेंदूतल्या सगळ्या पेशींकडे जनुकं तीच असतात. त्यातलं कोणतं जनुक कधी वाचायचं, हे ठरवण्यात मोठा वाटा असतो तो डीएनएला नेमक्या जागी धरणाऱ्या प्रथिनांचा. ही प्रथिनं सदासर्वकाळ कामावर नसतात. काही पेशीद्रवात अडकवून ठेवलेली असतात, निरोप आला की सुटतात आणि केंद्रकात जातात. काही मुळात नसतातच, गरज पडली की नव्याने तयार होतात. आणि काही डीएनएवर आधीपासून बसलेली असतात, पण अंगाला फॉस्फेट चिकटल्याशिवाय हलत नाहीत. नियंत्रणाच्या या तीन तऱ्हा लक्षात ठेवा. किट घ्यायचं की नाही ते यावरच ठरतं.

जेल-शिफ्टची पद्धत १९८१ सालची. फ्राइड आणि क्रोदर्स यांनी, आणि स्वतंत्रपणे गार्नर आणि रेव्झिन यांनी ती मांडली. डीएनएचा वीस-पंचवीस अक्षरांचा तुकडा घ्यायचा, त्याला खूण लावायची, मेंदूच्या केंद्रकांचा अर्क त्यात मिसळायचा आणि नेटिव्ह जेलवर, म्हणजे प्रथिनं मोडत नाहीत अशा जेलवर, विजेच्या दाबाने पळवायचा. मोकळा तुकडा सुसाट खाली जातो. प्रथिनाने धरलेला मागे रेंगाळतो आणि वर वेगळा बँड दिसतो. तुकड्याला लावायची खूण पूर्वी किरणोत्सारी असायची, आता या किटमध्ये ती बायोटिनची आहे. फरक एवढाच, पण त्यामुळे आमच्या खोलीची कळाच बदलली.

आधीचं जग ज्यांनी पाहिलं नाही त्यांना किटचं कौतुक कळणार नाही, म्हणून थोडं सांगते. फॉस्फरस-३२ यायचा, तो 'ब्रिट'कडून, म्हणजे किरणोत्सारी माल पुरवणाऱ्या सरकारी संस्थेकडून. त्याचं अर्धायुष्य १४.३ दिवस. म्हणजे प्रयोगाचं वेळापत्रक आपण ठरवत नव्हतो, बाटली ठरवायची. माल आला की त्याच आठवड्यात अर्क तयार हवेत, जेल तयार हवं, आणि घरी कुणाचं लग्नकार्य नको. टी-४ कायनेज नावाच्या विकराने डीएनएच्या टोकाला तो फॉस्फरस बसवायचा. समोर पर्स्पेक्सची जाड काच. नवी मुलं विचारायची, शिसं का नाही? शिशावर हे बीटा कण आदळले की एक्स-रे निर्माण होतात, म्हणून पर्स्पेक्स. छातीवर टीएलडी बॅज, अंगावर किती किरणोत्सार पडला ते मोजणारा. काम झालं की गायगर काउंटर घेऊन बाही, चपला, बाकाची कड, नळाची तोटी, सगळं तपासायचं. तोटीवर तो हमखास कडकडायचा, कारण हातमोजे न काढता पाणी सोडणारा एक तरी महाभाग दर बॅचला असतोच. फिल्म कॅसेटमध्ये घालून मायनस ऐंशीत रात्रभर, बँड फिका असेल तर दोन-तीन रात्री. कचरा दहा अर्धायुष्यं, म्हणजे जवळजवळ पाच महिने, कोपऱ्यात सांभाळायचा.

तरीही एक कबूल करायला हवं. त्या फिल्मवरचा बँड जसा धारदार यायचा तसा या किटमध्ये येत नाही. तेव्हा जेल वाळवलं की थेट फिल्म. मध्ये कुणी नाही. आता जेलमधून मेंब्रेनवर ट्रान्सफर, मग बायोटिनला चिकटणारं स्ट्रेप्टाव्हिडिन, मग प्रकाश देणारं ल्युमिनॉल. प्रत्येक पायरीवर थोडं सांडतं. शिवाय किरणोत्साराचे आकडे दुप्पट म्हणजे दुप्पट असायचे. प्रकाशाच्या सिग्नलचं तसं नाही. गडद बँड एका मर्यादेनंतर आणखी गडद होत नाही, त्यामुळे 'कंट्रोलच्या चौपट' वगैरे आकडे या किटच्या चित्रावरून काढणाऱ्यांकडे मी जरा संशयानेच बघते. वेगवेगळ्या वेळेची एक्स्पोजर घ्या, मग बोला.

आता डबा. डबा एक नाही, दोन येतात: एक मायनस वीसचा, एक चार अंशांचा. आमच्याकडे पहिल्यांदा जे पार्सल आलं ते वाटेत कुठेतरी अडकलेलं होतं. थर्मोकोलच्या खोक्यात ड्राय आइसचा मागमूस नव्हता, जेलपॅक कोमट होते. डीलरच्या माणसाचं म्हणणं, "मॅडम, चालतं हो, सगळ्यांचं चालतं." स्टोअरमधल्या काकांनी सहीसाठी पेन पुढे केलं होतं, तेवढ्यात मी थर्मामीटर आत घातला, फोटो काढला आणि खोकं परत पाठवलं. बदली यायला इतका वेळ लागला की मुलांनी तोवर दुसरेच प्रयोग सुरू केले. तेव्हा एक करा: पार्सल ज्या दिवशी येईल त्या दिवशी स्वतः हजर राहा, आणि शुक्रवारी पाठवू नका असं ऑर्डरवरच लिहा.

आत काय असतं: बाइंडिंग बफर, पॉली डीआय-डीसी (कशालाही चिकटणाऱ्या प्रथिनांना गुंतवून ठेवणारा नकली डीएनए), ग्लिसरॉल, मॅग्नेशियम क्लोराइड, लोडिंग डाय, ब्लॉकिंग बफर, स्ट्रेप्टाव्हिडिन-एचआरपी, ल्युमिनॉल आणि कंपनीचा स्वतःचा कंट्रोल, म्हणजे किट चालतंय हे दाखवणारा तयार नमुना. आत काय नसतं: नायलॉन मेंब्रेन, तुमचा बायोटिन लावलेला डीएनए, जेल, आणि अर्क काढायचं सामान. म्हणजे कोटेशनवरचा आकडा हा खर्चाचा शेवट नव्हे. जेआरएफच्या, म्हणजे पीएचडीच्या मुलांना मिळणाऱ्या फेलोशिपच्या, महिन्याच्या ३७,००० रुपयांत हे सगळं मिळून बसत नाही, एवढं सांगते. पुढचा हिशेब तुमच्या पर्चेसवाल्यांशी.

वापरायला सोपं आहे, अगदी मनापासून सांगते. २० मायक्रोलिटरचं मिश्रण, २० मिनिटं थांबायचं, लोड करायचं. सहा टक्क्यांचं जेल ०.५ एक्स टीबीईमध्ये १०० व्होल्टवर आधी अर्धा-पाऊण तास रिकामं पळवून घ्या. हे टाळलंत तर बँड वाकडे येतात. पुस्तिकेत 'रूम टेंपरेचर' लिहिलंय ते थंड देशातलं. एप्रिल-मे महिन्यात एसी बंद असलेल्या आमच्या खोलीत पारा पस्तिशी ओलांडतो. तेव्हा मिश्रण २२ अंशांच्या ब्लॉकवर ठेवा आणि जेल कोल्ड रूममध्ये पळवा. ही ओळ पुस्तिकेत असायला हवी होती.

सगळ्यात नाजूक काम म्हणजे ते सहा टक्क्यांचं जेल उचलणं. काचेवरून हाताने सोडवायला गेलात की ते लोंबतं, ताणतं, आणि नेमकं विहिरींच्या, म्हणजे नमुना भरायच्या खाचांच्या, खालून फाटतं. मी ओला केलेला जाड फिल्टर पेपर वरून अलगद टेकवते, बोटांच्या टोकांनी एका बाजूकडून दुसरीकडे हवा काढत जाते आणि मग काच उलटी करते. जेल कागदासकट निघून येतं. मेंब्रेनला हात लावायचा नाही. चिमटा, तोही कोपऱ्याला. ट्रान्सफर ३८० मिलिअँपिअरवर अर्धा तास, बफर बर्फासारखं गार. मग मेंब्रेन ओलसर असतानाच २५४ नॅनोमीटरच्या प्रकाशात चौरस सेंटिमीटरला १२० मिलिज्यूलचं क्रॉसलिंकिंग, म्हणजे डीएनए मेंब्रेनला पक्का चिकटवणं. ते होण्याआधी मेंब्रेन वाळलं की संपलं. पुढचं सगळं ट्रेमध्ये हलवत बसणं, चहा पिऊन होतं. सकाळी दहाला सुरू केलं तर संध्याकाळी इमेजरवर चित्र. रात्रभराच्या फिल्मशी तुलना केली तर याच एका गोष्टीसाठी अख्खा तारा दिलाय.

किटमधला कंट्रोल मात्र फार आज्ञाधारक आहे. तो प्रत्येक वेळी सुरेख येतो. त्यामुळे नवशिक्या मुलांना वाटतं की किट चाललं म्हणजे प्रयोगही चालला. कंट्रोलचं प्रथिन शुद्ध, ताजं, भरपूर. तुमचा अर्क निघालाय उंदराच्या हिप्पोकँपसमधून, म्हणजे मेंदूतल्या स्मरणाशी जोडलेल्या भागातून, तो केवढासा, त्यात चेतातंतूंवरच्या मायलिन आवरणाची चरबी, आणि केंद्रकं फोडताना सोबत आलेले प्रथिनभक्षक विकर. पुस्तिका कल्चरमधल्या पेशी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली आहे. मेंदूसाठी एक ओळ नाही. इथे अर्धा तारा कापला.

ती ओळ मी देते. केंद्रकं बाहेर काढताना वरचा दुधाळ थर निर्दयपणे टाकून द्या, हाव धरू नका. मिठाच्या बफरमध्ये, म्हणजे ४०० मिलिमोलरच्या आसपासच्या सोडियम क्लोराइडमध्ये, अर्क काढला असेल तर मिश्रणात तो किती घालताय ते बघा. मीठ जास्त झालं की बांधणीच सुटते. सोडियम फ्लोराइड आणि ऑर्थोव्हॅनाडेट पहिल्या बफरपासून घाला, शेवटी आठवण झाली म्हणून नको. मेंदू बाहेर काढल्यापासून बर्फात जाईपर्यंतचा काळ हा खरा प्रयोग; त्या मिनिटांत फॉस्फेट काढून टाकणारे फॉस्फेटेज विकर आपलं काम उरकून मोकळे होतात. अर्काचे छोटे छोटे भाग करून गोठवा, वितळलेला परत गोठवू नका.

आणि प्राणी. एपी-१ ज्या जोडीने बनतं त्यातलं फॉस हे प्रथिन इतकं हळवं आहे की पिंजरा लिफ्टमधून वरच्या मजल्यावर आणला तरी 'कंट्रोल' प्राण्याच्या मेंदूत ते वाढू शकतं. आमच्या शेजारच्या विभागात नूतनीकरण चालू होतं तेव्हा ड्रिलमशीनच्या दिवसांतले सगळे एपी-१चे बँड, कंट्रोल काय नि ताण दिलेले काय, सारखेच गडद. मुलं किटला दोष देत बसली. प्राणिगृहाच्या नोंदवहीत तारखा बघितल्यावर उलगडा झाला. प्राण्यांना आधीचे काही दिवस रोज हाताळून सरावू द्या, आणि बांधकाम चालू असेल तर सुट्टी घ्या.

आता प्रथिनांकडे. किटची खरी परीक्षा इथे.

एनएफ-कॅपा-बी ही या पद्धतीचीच देणगी म्हणायला हरकत नाही. १९८६ साली रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी ते शोधलं, ते जेल-शिफ्ट करतच. बी पेशींच्या कॅपा साखळीच्या जनुकाजवळ जाऊन बसणारं केंद्रकातलं प्रथिन, म्हणून हे नाव. ते पहिल्या तऱ्हेचं: आयकॅपा-बी नावाचं प्रथिन त्याला पेशीद्रवात धरून ठेवतं, ते मोडलं की हे सुटून केंद्रकात शिरतं. त्यामुळे केंद्रकांच्या अर्कातला बँड गडद झाला याचा अर्थ खरोखर काहीतरी हललंय. सूज, दुखापत, ग्लुटामेटचा मारा, हे सगळं या किटवर छान दिसतं. अ‍ॅस्ट्रोसाइटच्या, म्हणजे चेतापेशींच्या मदतनीस पेशींच्या, कल्चरमध्ये तर पाठ्यपुस्तकात छापावं असं चित्र येतं.

पण चेतापेशींच्या बाबतीत एक खड्डा आहे. कॅपा-बीच्या तुकड्याला मेंदूच्या अर्कात जो ठळक बँड दिसतो तो नेहमीच एनएफ-कॅपा-बीचा नसतो. २००२ साली दाखवलं गेलं की चेतापेशींमध्ये त्या तुकड्याला धरणाऱ्यांत एसपी-१ कुळातली प्रथिनं असतात. बँड एकाच भागात येतो, आणि माणूस खूश होऊन लेख लिहितो. म्हणून सुपरशिफ्ट करायलाच हवा: मिश्रणात एनएफ-कॅपा-बीच्या पी-६५ किंवा पी-५० या घटकांची अँटिबॉडी घालायची, बँड आणखी वर सरकला किंवा नाहीसा झाला तर प्रथिन तेच. सोबत कोल्ड प्रोब, म्हणजे बायोटिन नसलेला तोच तुकडा २०० पट, आणि दोन-तीन अक्षरं बदललेला तुकडा. या तिन्ही लेन नसतील तर चित्र मला दाखवायला आणू नका, असं मी मुलांना सांगते. त्यांना राग येतो, कारण पंधरा विहिरींतल्या निम्म्या यातच जातात. किट 'शंभर रिअ‍ॅक्शन'चं म्हणतात ना, ते या हिशेबाने बघा.

एपी-१ हा माझा आवडता. फॉस आणि जून या प्रथिनांची जोडी. दुसरी तऱ्हा: शांत मेंदूत फॉस अगदी थोडं, उत्तेजन मिळालं की झपाट्याने तयार होतं. १९८७ साली मॉर्गन आणि करन यांच्या गटाने मेट्राझॉल देऊन उंदरांना झटके आणले आणि मेंदूच्या कोणत्या भागात फॉस उगवतं याचा नकाशाच काढला. तेव्हापासून 'ही पेशी नुकतीच जागी झाली होती' हे सांगायला जगभर फॉस वापरतात. पण जेल-शिफ्टने यात जी भर घातली ती वेगळी. व्यसनावर काम करणाऱ्या नेस्लर यांच्या प्रयोगशाळेत उंदरांना रोज कोकेन दिलं, तेव्हा नेहमीचं फॉस येईनासं झालं, तरी एपी-१चा बँड टिकून राहिला, औषध थांबवल्यावरही. १९९४ साली हे छापून आलं. तो बँड कुणाचा, याचा माग काढत गेल्यावर डेल्टा-फॉस-बी सापडलं: फॉस-बीचं शेपूट तुटलेलं रूप. फॉस काही तासांत नाहीसं होतं, डेल्टा-फॉस-बी आठवडेच्या आठवडे राहतं. व्यसन सुटल्यावरही मेंदूत काहीतरी उरतं, त्याचा एक धागा असा जेलवरच्या एका हट्टी बँडमधून हाती लागला. हे मी प्रत्येक नव्या बॅचला सांगते आणि दरवेळी एक जण तरी मोबाइल खाली ठेवतो.

एपी-१साठी एक सूचना, जी किटवाले मोघम देतात. फॉस आणि जून यांच्या डीएनए धरणाऱ्या भागात एक सिस्टीन आहे. ते ऑक्सिडाइझ झालं तर प्रथिन असूनही डीएनएला धरत नाही. पेशीत हे सिस्टीन पूर्वपदावर आणायला रेफ-१ नावाचं प्रथिन असतं; ट्यूबमध्ये ते काम डीटीटीला करावं लागतं. किटसोबतचं बफर उघडून महिने झाले असतील तर त्यातल्या डीटीटीवर विश्वास ठेवू नका. ताजं करून घाला. 'अचानक बँड जायला लागले' अशा तक्रारी माझ्याकडे येतात तेव्हा मी आधी बाटलीवरची तारीख बघते.

आता क्रेब, ज्याच्यासाठी बहुतेक लोक हे किट मागवतात. स्मरणशक्ती म्हटलं की क्रेब, हे समीकरणच झालंय, आणि त्याला कारणही आहे. एरिक कँडेल यांच्या प्रयोगशाळेत १९९० साली अ‍ॅप्लिशिया या समुद्री गोगलगायीच्या संवेदी चेतापेशींच्या केंद्रकात सीआरईचे, म्हणजे क्रेब जिथे बसतं त्या अनुक्रमाचे, डीएनएचे तुकडे टोचले. क्रेब कुळातली प्रथिनं त्या खोट्या तुकड्यांना चिकटून बसली आणि खऱ्या जनुकांपर्यंत पोहोचली नाहीत. अल्पकाळ टिकणारा बदल झाला, दीर्घकाळ टिकणारा झाला नाही. आपण जेलमध्ये कोल्ड प्रोब घालतो तीच युक्ती, पण जिवंत पेशीत. इतका देखणा प्रयोग मला दुसरा माहीत नाही.

तर आमच्या एका विद्यार्थ्याने पाण्याच्या चक्रव्यूहात उंदीर शिकवले, हिप्पोकँपसचा अर्क काढला, सीआरईचा तुकडा घेतला (टीजीएसीजीटीसीए, एपी-१चा टीजीएसीटीसीए, फरक एकाच अक्षराचा, ऑर्डर देताना डोळे उघडे ठेवा) आणि जेल पळवलं. चित्र निर्दोष. कोल्ड प्रोबने बँड गेला, अँटिबॉडीने वर सरकला. आणि न शिकलेले, शिकलेले, सगळ्या लेन सारख्या. पोरगं रडवेलं. "ताई, एवढं शिकवून काहीच फरक नाही?" मी म्हटलं, अरे, चित्र बरोबर आहे. तू विचारलंस क्रेब डीएनएला धरतंय का, त्याने सांगितलं हो, धरतंय.

क्रेब तिसऱ्या तऱ्हेचं आहे. ते पंगतीत पाटावर आधीच बसलेलं असतं. वाढपी येतो तेव्हा जेवण सुरू होतं. प्रोटीन कायनेज-ए किंवा कॅल्शियमवर चालणाऱ्या कायनेजने त्याच्या १३३व्या सेरीनवर फॉस्फेट बसवलं, की सीबीपी हे प्रथिन येऊन चिकटतं आणि जनुक वाचायला सुरुवात होते. सेरीन-१३३ची गोष्ट १९८९ची, सीबीपीची १९९३ची. फॉस्फेट असो-नसो, डीएनएला धरण्यात फारसा फरक पडत नाही. आणि जेल-शिफ्ट मोजतं ते फक्त धरणं. त्याच अर्कावर आम्ही फॉस्फो-सेरीन-१३३च्या, म्हणजे फॉस्फेट बसलेलं क्रेबच ओळखणाऱ्या, अँटिबॉडीने वेस्टर्न (प्रथिनं जेलवर वजनाप्रमाणे वेगळी करून अँटिबॉडीने ओळखायची चाचणी) केला आणि फरक ढळढळीत दिसला. तोही सांभाळून वाचा, कारण या अँटिबॉडी बहुधा क्रेबच्याच कुळातल्या एटीएफ-१चं फॉस्फेटही ओळखतात. ४३ किलोडाल्टनचा बँड क्रेबचा, त्याच्या खालचा पाहुणा. या कामाला किटच्या खर्चाचा एक भाग पुरतो.

रेट सिंड्रोम या मेंदूच्या जनुकीय आजाराशी जोडलेल्या मेकपी-२ या प्रथिनासाठीही एकाने विचारलं होतं. ते मिथाइल लागलेल्या डीएनएला धरतं, तेव्हा एक प्रोब मिथाइल लावून आणि एक न लावता मागवा; फरक स्वच्छ दिसतो. चेतापेशींत हे प्रथिन इतकं मुबलक आहे की थोडा अर्कही पुरतो. जास्त काही बिघडण्यासारखं नाही.

किट काय करत नाही हेही सांगून ठेवते. ट्यूबमधला डीएनए उघडा असतो. मेंदूत तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला. ट्यूबमध्ये धरलं म्हणजे पेशीतही त्याच जागी धरलं असं होत नाही. त्यासाठी चिप किंवा कट-अँड-रन करा, म्हणजे पेशीतल्या डीएनएवरच प्रथिन कुठे बसलंय ते शोधणाऱ्या चाचण्या. आणि हिप्पोकँपस कुटून काढलेल्या अर्कात चेतापेशी, अ‍ॅस्ट्रोसाइट, मायक्रोग्लिया सगळे एकत्र आलेले असतात. बँड कुणाच्या घरचा ते जेल सांगत नाही. काही परीक्षक हल्ली जेल-शिफ्ट बघितलं की 'जुनाट' म्हणून नाक मुरडतात. मला ते पटत नाही. एका प्रथिनाची एका तुकड्याशी बांधणी, एक अक्षर बदललं तर काय होतं, सिस्टीन ऑक्सिडाइझ झालं तर काय होतं, हे इतक्या स्वस्तात आणि एका दिवसात दुसरं काही दाखवत नाही.

कंपनीच्या तांत्रिक मदतीबद्दल: ईमेलला उत्तर येतं, सभ्य असतं, आणि बहुतेक वेळा पुस्तिकेतलाच परिच्छेद चिकटवलेला असतो. मेंदूच्या ऊतींचा अनुभव असलेला माणूस फोनवर मागा, तसं स्पष्ट म्हणा. मग जरा बरं बोलणं होतं.

घ्यायचं ठरलं तर पूर्ण किट एकदाच घ्या. त्यानंतर बाइंडिंग बफर, ग्लिसरॉल, मॅग्नेशियम, लोडिंग डाय हे सगळं प्रयोगशाळेत करता येतं, पॉली डीआय-डीसी सुटं मिळतं, आणि बँड दिसण्यासाठी जो भाग लागतो, म्हणजे ब्लॉकिंग बफर, स्ट्रेप्टाव्हिडिन-एचआरपी आणि ल्युमिनॉल, तो वेगळ्या कॅटलॉग नंबरने मागवता येतो. डीलर आपणहून हे सांगत नाहीत, कोटेशन मागताना विचारावं लागतं. लोडिंग डाय घरी करणार असाल तर वेस्टर्नची बाटली चुकूनही उचलू नका; त्यात प्रथिनं उलगडून टाकणारं एसडीएस असतं, आणि मग जेलवर फक्त मोकळा प्रोब उरतो. बायोटिनचे प्रोब दोन-तीन गट मिळून मागवले तर पडतंही स्वस्त. आमच्याकडे एपी-१ आणि कॅपा-बीचे आहेत, पुण्यात कुणाला करून बघायला थोडे हवे असतील तर बर्फाचा डबा घेऊन या.